वैजूचा नंबर

"बाई, आता माझा नंबर ना?"

वैजयंता लोंढे गादीवरनं उठली, केसांत अडकलेलं उसाचं पाचट ओढून काढलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या तासाला ती अकराव्यांदा पडली होती. म्हणजे मीच तिला पाडवून घेत होते, चेअरमनसाहेबांच्या नातवाकडून.

"आधी ऋतुराजचं नीट होऊ दे. मग तुझा."

"काल पण असंच म्हणला होता बाई तुम्ही."

"कालचं काल. चल, धर त्याचा कोट."

तिनं तोंड एवढंसं केलं, पण उभी राहिली. वाकून नमस्कार केला, ऋतुराजनंही केला, आणि ती बाराव्यांदा पडली. धप्प! हनुवटी छातीला, हात गादीवर सपाट आपटलेला, पाय बरोब्बर बाजूला. बघत राहावं असं पडायची हो पोर ती.

तासगावच्या पुढं द्राक्षांच्या पट्ट्यात एक गाव आहे, तिथल्या प्राथमिक शाळेतली ही गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, खेळाची बाई. कॉलेजात कबड्डी खेळलेली, अंगानं दणकट, आवाज तर असा की मैदानाच्या त्या टोकाला शिट्टी वाजवायची गरज पडू नये. पण नोकरी तात्पुरती. दर जूनला नवा कागद यायचा आणि तो येईपर्यंत माझा जीव टांगणीला. त्या वर्षी मात्र मला कायम करायचा प्रस्ताव संस्थेकडं गेला होता, आणि त्यावर सही व्हायची होती चेअरमनसाहेबांची.

ज्युदो मी शिकले ते दिवाळीच्या सुट्टीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, दहा दिवसांच्या शिबिरात. दहा दिवसांत काय शिकणार, कपाळ! पडायचं कसं आणि चार सोपे डाव. पण शिकवणारे सर एक गोष्ट रोज बजावून सांगायचे. ज्यानं पाडलं त्यानं लगेच पडायचं. नमस्कार करायचा, कोट सारखा करायचा आणि अदलाबदल. एकच पोर सारखं पाडतंय आणि एकच सारखं पडतंय असं दिसलं, तर तो तास बंद करा आणि लगोरी खेळवा, म्हणायचे. आम्ही हसायचो.

शिबिरातनं येताना शाळेसाठी दोन जाड कोट मिळाले. गाद्या कुठल्या मिळायला! पोत्यांत पाचट भरलं, त्यावर ताडपत्री ताणून बांधली, झाली गादी. टोचायची मेली, पण आम्हाला तिचं कोण कौतुक! चौथीची चौतीस पोरं घेऊन मी पहिले तीन आठवडे फक्त पडायला शिकवलं. बसून मागं पडा, उकिडवं बसून पडा, उभं राहून पडा.

"बाई, पडायला काय शिकायचं?" एकानं विचारलं होतं. "पडायला येतंयच की."

"तुला येतंय? गुडघे दाखव बरं तुझे."

त्याचे दोन्ही गुडघे फुटलेले. सगळा वर्ग खदाखदा हसला.

त्या तीन आठवड्यांत वैजू सगळ्यांच्या पुढं गेली. काडीसारखी पोर, दोन वेण्या, शाळेत तोंडातून शब्द फुटायचा नाही. आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला, बाप तिथंच क्रेट उचलायला. पण गादीवर आली की नुसतं वारं भरायचं तिच्यात. आणि पडता आल्यावर पुढचा हट्ट सुरू झाला. आता पाडायचं.

हेडमास्तर पोतदार सरांनी डिसेंबरात मला बोलावलं. जानेवारीच्या शेवटी स्नेहसंमेलन, त्यात पहिला कार्यक्रम ज्युदोचा ठेवू म्हणाले. पंचक्रोशीत कुठल्या शाळेत नाही, आपल्याकडं आहे.

"आणि बाई, चेअरमनसाहेबांचा ऋतुराज चौथीतच आहे ना तुमच्याकडं?"

"आहे की."

"मग झालं तर," म्हणाले आणि हजेरीपट बघायला लागले. एवढंच बोलले.

ऋतुराज पोरगा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. गुबगुबीत, लाजरा, वहीत मोटारींची चित्रं काढणारा. पण कमरेवरून टाकायचा डाव काही केल्या त्याला जमेना. त्या डावात समोरच्याची बाही ओढायची, एक हात त्याच्या पाठीमागं घालायचा, गर्रकन वळून आपली कंबर त्याच्या पोटाखाली न्यायची आणि गुडघे सरळ करायचे. ऋतुराज वळायचा आणि तिथंच थांबायचा, बस चुकल्यासारखा. तीन पोरं त्याच्यासमोर उभी करून बघितली. एकही हललं नाही. मग वैजूला उभी केली आणि त्यानं जरा ओढल्यासारखं केल्याबरोबर ती भिंगरीसारखी फिरून गादीवर! बघणाऱ्याला वाटावं, काय टाकलीय राव पोरानं.

तिथं मला कळलं. पडणारा पक्का असला की पाडणाऱ्याला काही यावं लागत नाही. शिबिरात हे कुणी शिकवलं नव्हतं, मीच शोधून काढलं. आणि त्या दिवसापासून वैजू रोज ऋतुराजपुढं उभी राहायला लागली.

एकदा ऋतुराजच म्हणाला, "बाई, मी पाडत नाही. तीच पडते."

"तू तुझं काम कर."

"पण तिला येतंय पाडायला. मला परवा पाडलं तिनं, तुम्ही आत गेला होता तेव्हा."

"गप रे," मी म्हटलं.

वैजू विचारायची, मी पुढं ढकलायची. मग एक दिवस तिनं विचारणं सोडलं आणि नुसती माझ्याकडं बघायला लागली. ते काही मला सोसेना. शाळा सुटल्यावर तिला थांबवलं, एक कोट तिला घातला, एक मी चढवला. मला तो काखेत दाटत होता.

"चल, पाड मला."

"तुम्हाला?"

"का? घाबरलीस होय?"

तिनं माझी बाही धरली. हात पाठीपर्यंत पोचेना, म्हणून पट्टा पकडला. वळली, कंबर घातली, आणि सांगते, माझे पाय सुटले जमिनीवरून! साठ किलोची बाई मी, निम्मी तिनं उचलली आणि निम्मी आपल्याच वजनानं गेले, पण गेले खरी. ताडपत्रीवर आदळले तशी ती दोन्ही हात तोंडावर धरून हसत सुटली. मीही हसले. पाठीत पाचट घुसलं होतं.

"बाई, लागलं?"

"लागतंय कशाला! मी काय पडायला शिकले नाही होय?"

मग तिथंच बसून मी तिला शब्द दिला. संमेलनात ऋतुराज पाच वेळा पाडेल, मग अदलाबदल, आणि सहावा, शेवटचा डाव वैजूचा.

"खरंच?"

"अगदी खरं."

"आण्णास्नी सांगू?" बापाला ती आण्णा म्हणायची.

"सांग की. बोलाव त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून सराव तसाच घेतला. पाच त्याचे, सहावा तिचा. सहाव्याला ऋतुराज पडायचा तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या तोच वाजवायचा, पडल्यापडल्या.

संमेलनाच्या दिवशी मैदानात मांडव घातला होता. द्राक्षांचा हंगाम सुरू झालेला, तरी गाव लोटलं. पुढं खुर्च्यांवर चेअरमनसाहेब, त्यांच्या घरची मंडळी, शेजारी पोतदार सर. पार मागं, पाण्याच्या टाकीपाशी, एक माणूस उलट्या क्रेटवर चढून उभा होता. वैजूनं मला बाही ओढून दाखवलं.

"ते बघा, आमचे आण्णा. सुट्टी देत नव्हता शेडवाला. भांडून आल्यात."

"बरं, बरं. पट्टा आवळ नीट."

गादी ओढून मधे आणत होते तेवढ्यात पोतदार सर लगबगीनं माझ्याजवळ आले. मला वाटलं काही राहिलं. ते कानाशी म्हणाले, "बाई, परवा बैठक आहे संस्थेची. तुमचा कागद आहे त्यात. कार्यक्रम झकास होऊ द्या." आणि गेले आपल्या खुर्चीवर.

बस, एवढंच. सहाव्या डावाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांना तो माहीतच नव्हता. तो मला, वैजूला आणि ऋतुराजला माहीत होता, आणि क्रेटवरच्या त्या माणसाला.

मी शिट्टी वाजवली. पहिला डाव, धप्प. लोक "आरारा" म्हणाले, मग वैजू उडी मारून उठली तशा टाळ्या पडल्या. दुसरा, तिसरा. चेअरमनसाहेब पुढं सरकून बसले. चौथ्याला त्यांनी शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली. पाचव्याला तर ते उभे राहिले, आणि त्यांच्या घरच्या बायका पदर सावरत हसायला लागल्या. माझं सगळं लक्ष त्या माणसाच्या चेहऱ्यावर. इतका खूश माणूस परवा सही करणार. आणि आता एवढ्या गावासमोर त्याचा नातू पाठीवर आपटणार, तोही लोंढ्याच्या पोरीकडून.

दोघांनी वाकून नमस्कार केला. कोट सारखे केले. वैजूनं पुढं होऊन ऋतुराजची बाही धरली आणि शिट्टीसाठी माझ्याकडं बघितलं. तोंडभर हसू.

"ऋतुराज, तू," मी म्हटलं.

तिला कळलंच नाही. ती तशीच बाही धरून उभी.

"वैजू, सोड बाही. ऋतुराज, परत तूच."

"बाई, आता तिचा..." ऋतुराज पुटपुटला.

"सांगितलं तेवढं कर!"

आणि शिट्टी वाजवली. ऋतुराजनं कसाबसा हात लावला. वळलाही नाही धड. त्याला रडू येत होतं बहुतेक. मला वाटलं, आता ही पडणार नाही, उभीच राहणार, आणि झाली माझी फजिती. पण वैजू माझ्याकडं बघता बघता आपण होऊन उसळली, हवेत फिरली आणि पडली. त्या दिवसातलं सगळ्यांत सुंदर पडणं ते. मांडव टाळ्यांनी दणाणला. पार मागं तो क्रेटवरचा माणूस दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता.

कार्यक्रम झाल्यावर तो मला शोधत आला. वैजूचा हात धरलेला, दुसऱ्या हातात पिशवीत सुटी द्राक्षं.

"लय भारी झालं बघा बाई! पहिल्यांदा आपटली तवा काळजात धस्स झालं. म्हटलं, मोडला हात. तर ही उठून हुबी!"

"हुशार आहे वैजू," मी म्हटलं.

"ते हाय. पर एक इचारू का?" तो जरा संकोचून हसला. "मी शेडवर समद्यास्नी सांगून आलो, माझी पोरगी आज चेअरमनच्या नातवाला पाडणार हाय म्हणून. हिनंच सांगितलं हुतं. शेवटचा नंबर माझा हाय, बाईंनी दिलाय, म्हणली. चार दिस झालं तेच चाललंय घरात."

तो वैजूकडं वळला.

"व्हय गं? कुठं पाडलंस? का खोटं सांगितलंस?"

वैजूनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात फळ्यावर गणित लिहून झाल्यावर पोरं जशी बाईंकडं बघतात, बरोबर आहे म्हणतील म्हणून वाट बघत, तसं. एक वाक्य पुरलं असतं. 'लोंढे, ती खरं बोलत होती, मीच ऐन वेळी बदललं.' मागं चार पावलांवर पोतदार सर चेअरमनांना चहा देत होते.

मी हसले. "अहो, लहान मुलं ती. सांगतात काहीबाही."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि त्यानं वैजूच्या डोक्यात हलकीच टपली मारली. "असं बोलू नगं परत. चार लोकांत माझं हसं हुतंय." मग पिशवी माझ्या हातात दिली. मी घेतली. वैजूनं मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

ते दोघं गेले, आणि चेअरमनसाहेबांनी मला हाक मारली. मी पदर नीट करून गेले.

"झकास बसवलंत हो बाई. पण काय ओ, ती पोरगी बिचारी नुसती पडतच राहिली. एखादा डाव तिलाही द्यायचा की! आमचं हे ध्यान आपटलं असतं तर मजा आली असती." आणि गडगडून हसले.

पोतदार सर हसले. मीही हसले. दुसरं काय करणार? द्राक्षांची पिशवी हातातच होती, ती कुठं ठेवावी ते मला सुचेना.

सोमवारी तासाला मी सगळ्यांच्या आधी वैजूला पुढं बोलावलं. "ये गं, आज तुझा नंबर. हवे तेवढे डाव टाक."

ती आली. नमस्कार केला, बाही धरली, वळली आणि ऋतुराजला स्वच्छ टाकला. एकच. पोरांनी गलका केला, ऋतुराजनं पडल्यापडल्या टाळ्या वाजवल्या. वैजूनं कोट काढला, घडी घालून माझ्या हातात दिला, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाई, आण्णास्नी सांगाल? मी खोटं बोलले नव्हते म्हणून?"

"सांगीन की गं."

"त्ये रोज शेडवरच असत्यात."

शेड माझ्या वाटेवर. सायकलवरून जाता-येता लोंढे दिसायचे, क्रेट उचलताना. हात वर करून रामराम घालायचे. मीही घालायची. आज घाईत आहेत, आज मालक उभा आहे, आज इतरांसमोर कसं सांगायचं, असं करत फेब्रुवारी गेला. बैठकीत माझा कागद मंजूर झाला होता. मग मार्च गेला. वैजू तासाला यायची, सांगितलं तसं पडायची, सांगितलं तसं पाडायची. पुन्हा काही विचारलं नाही तिनं. मला वाटलं, विसरली. पोरं विसरतात, अशी मी माझीच समजूत घातली.

एप्रिलच्या अखेरीला निकाल लागला. आमची शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळं पाचवीला दुसरीकडं जाणाऱ्यांना दाखले द्यायचं काम होतं. कारकून रजेवर, म्हणून ते माझ्याकडं. लोंढे आले, टोपी काढून टेबलासमोर उभे राहिले.

"दाखला द्या बाई वैजूचा. हंगाम संपला. आम्ही विजापूरकडं चाललोय, तिकडं भावाजवळ."

"बसा," मी म्हटलं. रजिस्टर उघडलं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख लिहिली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पोतदार सर तालुक्याला गेले होते. माझी नोकरी कायम झालेली. भ्यायला आता काही कारण म्हणून उरलं नव्हतं.

"वैजू नाही आली?"

"भाईर हाय. आत ये म्हटलं तर येत न्हाई." ते जरा पुढं झुकले. "बाई, तुमचं उपकार हायत. त्या दिशी तुम्ही म्हणला न्हवं का, काहीबाही सांगत्यात पोरं म्हणून. ते माझ्या डोक्यात बसलं. घरी गेल्यावर पण ही ऐकंना. 'मी खरं बोलत हुते, बाईंना इचारा, बाईंना इचारा.' म्हटलं, बाईंनी तोंडावर सांगितलं की! तरी तेच. मग दिलं दोन रट्टे. आजवर हात लावला न्हवता पोरीला, पर खोटं बोलायची सवय वाईट."

माझं पेन थांबलं.

"आता मोडली ती सवय. आता काय सांगतच न्हाई घरी येऊन. आधी शाळंतलं इतकं सांगायची की आई वैतागायची. आता इचारलं तरी गप. सुधारली."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण आता सांगायचं तर नुसतं 'ती खरं बोलत होती' एवढं सांगून भागणार नव्हतं. तीन महिने मी रोज तुमच्यासमोरून सायकलवर गेले, रामराम घातला, तुमची द्राक्षं घरी नेऊन खाल्ली, हेही सांगावं लागलं असतं. आणि या माणसानं माझ्या शब्दावर आपल्या पोरीला मारलं होतं. मी पुन्हा कागदावर पेन टेकवलं.

दाखल्यावर एक रकाना राहिला होता, वर्तणुकीचा. त्यात मी 'चांगली' लिहिलं, शिक्का मारला आणि दाखला त्यांच्या हातात दिला.

"वाचून दाखवा की," ते म्हणाले. "मला येत न्हाई."

मी वाचून दाखवला. शेवटचा रकाना ऐकून ते खूश झाले, दारापर्यंत गेले आणि बाहेर बघून मोठ्यानं म्हणाले, "वैजे, ऐकलंस का? बाईंनी चांगली लिवलंय तुला. ये, पाया पड बाईंच्या."

ती आली. वाकून माझ्या पाया पडली आणि काही न बोलता बापाच्या मागं निघून गेली.